नारिंगी जाकिटाची उलटी बाजू

मालकांना कंपनीचं नाव खाडीच्या पलीकडून वाचता यायला हवं होतं आणि सेफ्टी ऑफिसरना नारिंगी कापडावर एकही अक्षर नको होतं. दोघांच्या मधे मी, गळ्यात टेप टाकून.

रत्नागिरीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान होतं. त्यातच एका कोपऱ्यात लाकडी चौकटीवर जाळी ताणून मी कापडावर छपाई करायला लागले होते. तोवर शाळांचे बिल्ले, मंडळांच्या पिशव्या, क्रिकेटवाल्या पोरांचे बनियन एवढंच छापलेलं. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी हमरस्ता रुंद करायचं काम निघालं आणि ठेकेदार कंपनीनं रस्त्यावरच्या माणसांसाठी जाकिटं शिवायला टाकली. बिनबाह्यांची, भडक नारिंगी, छातीभोवती आणि कमरेभोवती रेडियमची पट्टी. गाडीचा दिवा पडला की ती पट्टी लखकन उजळायची.

पहिला नमुना मी मालकांच्या मनासारखा केला. पाठभर काळी जाड अक्षरं, पट्टीवरूनसुद्धा गेलेली. सेफ्टी ऑफिसर आरमारातून निवृत्त झालेले, बोलायला मऊ आणि नियमाला कडक. त्यांनी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत जाकीट टांगलं, दार लावून घेतलं आणि बॅटरी मारली. जिथे अक्षर होतं तिथे पट्टी तुटलेली दिसली.

"बघा," ते म्हणाले, "हा माणूस वाटतो का? पट्टी अंगाभोवती अखंड फिरली पाहिजे. आणि नारिंगी जेवढं झाकाल, तेवढा तो ड्रायव्हरला कमी दिसेल."

मालक कोल्हापूरकडचे. "मग आमचं नाव काय खिशात छापायचं व्हय?" ते म्हणाले.

हो-नाही करता करता मी मधला मार्ग काढला. वरच्या पट्टीच्याही वर, दोन खांद्यांच्या मधे, वीतभर लांबीची एकच ओळ. ऑफिसरनी टेपनं मापलं, परत बॅटरी मारली आणि मान डोलावली. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले. अक्षरं मी स्वतः काढली होती, चांगली वळणदार. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसं एका ओळीसाठी मी किती जाळ्या फुकट घालवल्या ते माझं मला माहीत. पहिलं डझन तयार झालं ते निवळी घाटातल्या वळणावर गेलं. तिथे अर्धा रस्ता खणलेला होता आणि हातात बावटा घेऊन गाड्या थांबवायला माझा दादा उभा असायचा.

दादाचं अर्धं आयुष्य मुंबईत गिरणीत गेलेलं. गिरणी बंद पडली तसा तो वहिनीला आणि मुलांना घेऊन गावी आला. "हल्ली काय करतोस?" असं कुणी विचारलं की तो समोरच्या आंब्याकडे बघायचा. जाकीट मिळालं त्या दिवशी सुटी झाल्यावर तो ते अंगात घालूनच दुकानात आला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"वाच," म्हणाला.

मीच छापलेलं मीच वाचलं. त्यानं परत वाचायला लावलं. तेव्हा मला गंमत वाटली होती.

पुढे मार्गशीर्षात मी संगमेश्वरला मावशीकडे निघाले होते. सकाळची एस.टी., घाटात असं धुकं की खिडकीबाहेरचं झाड दिसत नव्हतं. मी पुढच्या बाकावर बसले होते. मनात म्हटलं, आता माझी जाकिटं दिसतील. रस्त्याच्या मधोमध काहीतरी मळकट पांढरं हललं आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बायकामाणसं पुढच्या बाकांवर आदळली. कुणाच्या तरी टोपलीतली अंडी फुटली. काचेच्या पुढे, हात लांब केला तर लागेल इतक्यावर, दादा उभा होता.

त्यानं जाकीट उलटं घातलेलं. त्या कापडाची आतली बाजू धुक्याच्याच रंगाची होती.

मी खाली उतरले. "दादा, उलटं कशाला घातलंस हे?"

"अगो बाय, हितं डांबर उडतंय," तो म्हणाला. "नाव मळलं म्हंजे? सगल्यांनीच तसं घातलंय बघ. घरी जाताना सुलटं करतो की. डायवरच आंधला हाय."

मागे बघितलं तर खरंच, सगळी टोळी उलटी. ही मंडळी नवीन भांड्यावरचं नाव घासलं जाऊ नये म्हणून ते भांडं फडताळात ठेवून देणारी. त्यांनी जाकिटाचंही तेच केलं होतं. नाव सुलटं निघायचं ते आठवड्याच्या बाजारात आणि एका बारशात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कंडक्टर घंटी मारत होता, तरी मी दादाला जाकीट सुलटं करायला लावूनच परत गाडीत चढले. गाडी हलल्यावर वळून पाहिलं, तर तो पाठीवरचं नाव रुमालानं पुसायचा प्रयत्न करत होता.

मावशीकडे गेले तरी माझं डोकं घाटातच होतं. आज ओरडून सुलटं केलं, उद्या मी थोडीच असणार होते तिथे? ऑफिसरना सांगावं तर साऱ्या टोळीचा खाडा मांडून रोज कापला जाईल आणि दादाची ही नोकरीसुद्धा जाईल. न सांगावं तर एखाद्या सकाळी निरोपच यायचा. माणसं जाकीट उलटं घालतात ती मूर्ख म्हणून नव्हे. त्यांना जे मोलाचं वाटतं ते ती आत ठेवतात, आणि मोलाचं ते नाव होतं. परतीच्या एस.टी.त माझं ठरलं. नावच आत छापायचं.

दोन दिवसांनी मालक आणि ऑफिसर उरलेल्या जाकिटांचं बघायला आले. मालक खुशीत होते. शनिवारच्या बाजारात कुणीतरी त्यांना थांबवून विचारलं होतं, तुमच्या कंपनीत अजून माणसं घेताय का, जाकिटं फार झोकात आहेत. मी म्हटलं, "साहेब, आधी शब्द द्या. मी सांगते त्यावरून कुणाचा खाडा मांडायचा नाही, कुणाला काढायचं नाही." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनी शब्द दिल्याशिवाय मी कात्रीलासुद्धा हात लावला नाही. मग सगळं सांगितलं, आणि उलट्या बाजूनं नाव छापलेला नमुना पुढे ठेवला. नारिंगी बाजू कोरी.

"खुळ्यात काढताय व्हय बाई?" मालक म्हणाले. "नाव आत?"

"तुमचं नाव लोकांनी वाचलं कुठे? घाटात की बाजारात?"

मालकांनी नमुना उलटसुलट करून बघितला. मी म्हटलं, कामावर ते नाव जपायला आत ठेवतील, म्हणजे नारिंगी बाहेर राहील. सुटी झाली की स्वतःच उलटवून बाजारभर मिरवतील. शेजारून भरकन जाणारा ट्रकवाला तुम्हाला काम देणार आहे का?

ऑफिसर जाकीट घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते मान हलवत. "बाहेरची बाजू उत्तम. पण ही माणसं संध्याकाळी पांढरी बाजू वर करून त्याच रस्त्यानं चालत घरी जाणार ना? तेव्हा त्यांना कोण बघेल? आतूनही एक पट्टी हवी. नावाच्या खाली, अखंड."

हे मला सुचलंच नव्हतं. दादाला वळणावर वाचवायच्या नादात मी त्याला घरच्या वाटेवर अंधारात सोडणार होते. मालकांनी पट्टीवरून कुरकुर केली. मी आणि ऑफिसर दोघं एकदम बोलायला लागलो, तेव्हा त्यांनी हात जोडले. जुन्या डझनावरची माझी वळणदार अक्षरं मी नारिंगी ठिगळं लावून झाकली आणि आतून नाव छापून पट्टी शिवली. जीव जळला, पण टाके घट्ट घातले.

दादाचं जाकीट मी स्वतः घेऊन गेले. त्यानं पुढून बघितलं, मागून बघितलं.

"ह्याच्यावर तर काय नाय."

मी आतलं नाव दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. "दिवसभर शेकडो गाड्या जातात माज्या म्होरून. त्यांना कलायला नको, मी कंपनीचा मानूस हाय?"

काय काय बोलायचं ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. "त्यांना माणूस दिसला तरी मला पुरे आहे," म्हटलं, आणि त्याच्यासमोर, वहिनीसमोर, मोठ्यानं रडले. बाप गेला तेव्हाही मी अशी रडले नव्हते. दादा गडबडला. त्यानं पटकन जाकीट अंगात चढवलं, नारिंगी बाजू बाहेर, आणि अंगणात जाऊन उभा राहिला, मला दिसेल असा.

पुढच्या रविवारी मी गेले, तर वहिनी विहिरीवर रॉकेलचा बोळा घेऊन जाकीट घासत बसलेली. नारिंगी बाजूवर डांबर, चिखल, ट्रकांनी उडवलेली धूळ. "बघा तुमच्या भावाचं ध्यान," ती वैतागून म्हणाली. "रोज मळवून आणतात. कितीही घासा, जातच नाय!"

मी जाकीट तिच्या हातातून घेतलं आणि उलटवून बघितलं. नाव जसंच्या तसं होतं. एक ठिपका नव्हता.

"मळू दे वहिनी," मी म्हटलं. "रोज मळू दे." आणि तिच्याशेजारी बसून मीही घासायला लागले.