गच्चीवरची विरळणी

ताईसाठी गच्चीवर गांजा लावायचा हे मी ठरवलं तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि उभ्या आयुष्यात साधी मिश्रीसुद्धा लावली नव्हती. अकोल्याच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. ज्या पोरांच्या खिशात पुडी सापडली त्यांना कान धरून मुख्याध्यापकांपुढे उभं केलं. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यानं खुशाल हसावं. हसण्यासारखं पुढे फारसं काही नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन अमरावतीला गेली ती तिथलीच झाली. भाऊजी वकील, आता निवृत्त. ताईला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन वर्षाची भाषा न करता महिन्यांची भाषा केली. केमो सुरू झाली तसं तिच्या पोटात काही टिकेना. पाणी प्यायली तरी उलटी. दुखण्याची गोळी घेतली की दिवसभर गुंगी, आणि जागी झाली की विचारायची आज वार कोणता. त्याची तिला फार लाज वाटायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, “मरायचं भेव नाही मले. पण असं गुंगीत पडून नाही जायचं. दोन घास पोटात राहावे अन् डोकं जाग्यावर राहावं, बस.”

केमोच्या खोलीत तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई असायची. तिचा नवरा तिला तुपात शिजवलेला गांजा द्यायचा आणि ती चक्क जेवायची. ताईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही, पण मी असं काही लिहून देणार नाही. मग भाऊजींच्या एका जुन्या अशिलानं एक पुडी आणून दिली. कोणता अशील ते मी विचारलं नाही. पुडी उघडली तर बुरशीचा वास. त्यातलं चिमूटभर पोटात गेलं आणि ताईला दोन दिवस जुलाब. तेव्हा मीच म्हणाले, घरचं लावू, निदान काय आहे ते तरी माहीत राहील.

भाऊजींनी कायदा सांगितला. नुसतं बी जवळ ठेवलं तर गुन्हा नाही, पण रोप लावलं की तुरुंग. माझ्या घरी नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले आणि चपला घालताना हळूच म्हणाले, अकोल्याच्या गच्चीवर काय हाय ते मले माहीत नाही. आयुष्यभर न्यायालयात उभा राहिलेला माणूस, त्याला एवढं बोलायला किती जड गेलं असेल.

माझ्या वर्गात दोनदा नापास झालेला एक विद्यार्थी आता कृषी केंद्राचा मालक आहे. केस पांढरे झालेत त्याचे, पण मला पाहिलं की अजून उभा राहतो. ताईचं सगळं त्याला सांगितलं. आठ दिवसांनी बोलावलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत कपाशीच्या पाकिटांच्या खोक्यावर तीन पुड्या ठेवल्या. पहिलं बी परदेशातून आलेलं, मादीच निघेल असं तयार केलेलं. दुसरं आपोआप फुलणारं, त्याला दिवस लहान झाला काय अन् मोठा राहिला काय, अडीच महिन्यांत मोकळं. तिसरं गावरान, सातपुड्याच्या पलीकडून कोणीतरी आणलेलं, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि औषधाला कामाचं ते मादीचंच फूल. त्यानं पहिली पुडी माझ्यापुढे सरकवली.

“मॅडम, पहिल्यांदा लावून राह्यल्या तुमी, हेच न्या. यात नर निघत नाही. घोळच नाही.”

आता माझं डोकं कसं आहे ते सांगायला पाहिजे. आमचे बाबा तिवश्याजवळच्या गावात शाळामास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी तीन एकरांचे शेतकरी. गावरान कपाशीची सरकी ते स्वतः निवडून मडक्यात ठेवत, राख लावून. पुढे गावातून ती सरकी गेली आणि दरवर्षी पाकीट फोडायची पद्धत आली, तेव्हा ते महिनाभर तोंड पाडून बसले होते. मी त्यांचीच लेक. तूर गावरान, अंडी गावरान, लसूण गावरान, बाजारात मी भाजीवालीचं डोकं खाते. तेव्हा ज्याच्या पोटातला नरच काढून टाकला आहे असं बी मी ताईच्या औषधाला नेईन होय? मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. निसर्ग, जोम, माती, सगळं. आपोआप फुलणाऱ्यालाही नाव ठेवलं, म्हटलं घाईघाईत फुललेल्या झाडात कस काय असणार. तो बिचारा दोनदा नापास झालेल्या पोरासारखा ऐकत राहिला. त्याला म्हटलं, नर निघाले तर निघू दे, फूल दिसलं की ओळखून उपटीन, तीस वर्षं पोरांना पपईतले नर-मादी शिकवलेत मी. गावरान पुडी घेऊन ऐटीत बाहेर आले.

आषाढात बारा बिया टाकल्या, दहा उगवल्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे चार मोठे डबे मावत होते. त्यांच्यापुढे मी अंबाडी पेरली. अंबाडीचं पान आणि त्याचं पान दुरून सारखंच दिसतं, त्यामुळे शेजारणीला वाटलं मॅडमनं भाजी लावली. फोनवरही ताई आणि मी त्याला अंबाडीच म्हणायचो. भाऊजींनी फोटो पाठवायला सक्त मनाई केली होती. रोज सकाळी ताईचा फोन, अंबाडी किती वाढली, आणि मी बोटांनी मोजून सांगायची.

दोन केमोंच्या मधे ताई आठ दिवस माझ्याकडे आली. गच्ची पाहायचीच म्हणून हट्ट धरला. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरत चढली आणि उलट्या बादलीवर बसली. रोपं वीतभर झाली होती. डबे चार आणि रोपं दहा, म्हणजे विरळणी करायची वेळ झालेली. आमच्याकडे कपाशी टोबताना एका खड्ड्यात दोन बिया टाकतात आणि उगवल्यावर जोमाचं ठेवून दुसरं उपटतात. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही, बाबांच्या मागे चालून हाताला आलेलं आहे. चार रोपं सरळसोट उंच, बघत राहावं अशी. बाकीची सहा खुजी, बसकी. मी उंच चार डब्यांत लावली आणि बाकीच्यांना हात घातला.

ताई म्हणाली, “बारके राहू दे ना वं. येतीन भरून.”

“जागा कुठं हाय, ताई? अन् मरतुकडं ठेवून करू काय?”

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं मी कोणापुढे बोलले. तिचं वजन तेव्हा अडतीस किलो होतं. तिनं पदर सावरला आणि ती खाली अंबाडीकडे पाहत बसली. मी माफी मागायला पाहिजे होती. त्याऐवजी भराभरा सहा रोपं उपटली आणि कठड्यापाशी टाकली. ऊन पडलं होतं, दहा मिनिटांत माना टाकल्या त्यांनी.

चार झाडं मात्र अशी वाढली की मलाच माझं कौतुक वाटायचं. महालक्ष्म्यांना मी अमरावतीला गेले. ताईला आंबील फार आवडायची. जेवणावळ उठल्यावर वाटीभर घेऊन तिच्याजवळ बसले. दोन चमचे गेले आणि सगळं परत आलं, नवीन लुगड्यावर. ती रडली. कॅन्सर निघाला त्या दिवशी रडली नव्हती. मी म्हणाले, धीर धर, अंबाडी जोरात आहे, पंधरा दिवसांत फूल धरेल. तिनं डोळे पुसून मान हलवली.

फूल धरलं. अकोल्याला परतल्यावर एका सकाळी टाकीमागे गेले तर सगळ्यात उंच झाडाला बारीक हिरव्या कळ्यांचे घोस, छोट्या दांड्यांवर लोंबणारे. पाहिल्याबरोबर कळलं. पुस्तकातली आकृतीच ती. म्हटलं ठीक आहे, एक नर गेला, तीन राहिले. चार दिवसांत बाकी तिघांनाही तेच घोस. एकाला हात लावला तर बोटांना पिवळी भुकटी लागली. मी तिथेच ओल्या गच्चीवर बसले. नंतर मोबाइलवर शोधलं, आधी शोधायला काय झालं होतं कोण जाणे. या झाडात नर आधी उंच सुटतो. मादी मागे राहते, बुटकी, भरीव. म्हणजे मी उंची पाहून चारही नर ठेवले आणि माद्या, ज्या काही असतील त्या, स्वतःच्या हातानं उपटून उन्हात टाकल्या. पपई शिकवणारी बाई मी, मूर्ख बाई. हात नुसता चालला, डोकं मागे राहिलं.

कृषी केंद्रवाल्याकडे गेले. तो मी-सांगितलं-होतं वगैरे काही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की आपोआप फुलणारं आता लावलं तरी दिवाळी उलटेल. डॉक्टरांनी दिवाळीचं नाव काढलेलं नव्हतं.

ताईला सगळं सांगायचं म्हणून मी एसटीत बसले. बडनेरा येईपर्यंत वाक्य तयार केलं होतं. नवरात्र लागलं होतं, अंबादेवीच्या रस्त्याला गर्दी, रिक्षावाल्यानं लांबून नेलं, तेवढ्यात वाक्य परत दोनदा म्हणून पाहिलं. खोलीत गेले तर ताईनं मान वळवली आणि विचारलं फुललं का. मी हो म्हणाले. ते खोटं नव्हतं. मग तिनं विचारलं, पिकायला किती दिवस. मी आठ दिवस म्हणाले. तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं लगेच भाऊजींना साजूक तूप आणून ठेवायला सांगितलं.

स्वयंपाकघरात मी भाऊजींना खरं सांगितलं. ते ओट्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, तिला सांग. मी म्हणाले, उद्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. दुखणं पाठीत उतरलं होतं. आता गोळी पुरणार नाही, मोठ्या डोसाच्या औषधाची पट्टी अंगाला लावू, झोप राहील पण त्रास राहणार नाही, असं ते म्हणाले. ताईनं हात आडवा केला.

“आठ दिवस थांबा, डॉक्टर. माह्या बहिणीनं लावलं हाये. थे खाऊन पाहू द्या मले, मंग तुमची पट्टी.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनी पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहत राहिले.

पट्टीशिवाय तिनं सहा दिवस काढले. उशीचा कोपरा तोंडात धरायची. रोज सकाळी मला बोटं दाखवायची, इतके राहिले ना म्हणून. तिसऱ्या दिवशी भाऊजी मला अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, तू नाही सांगत तर मी सांगतो. मी हात जोडले. तिला आशेवर राहू द्या, म्हणाले. ते खरं कारण नव्हतं. मला तिच्या तोंडून “मी म्हणलं होतं तुले, बारके राहू दे” हे ऐकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी माझ्या बहिणीला मी सोसू दिलं. हे मी आजवर भाऊजींनाही सांगितलेलं नाही.

सहाव्या दिवशी तिच्या ओरडण्यानं शेजारचे दारात आले आणि डॉक्टरांनी कोणाला न विचारता पट्टी लावली. तिचं अंग सैल पडायला लागलं. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही, तिसऱ्या दिवशी गेली. पण पट्टीची गुंगी चढायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं, कान तोंडाशी न्यावा लागला, आणि विचारलं, दोनच दिवस राहिले ना. मी हो म्हणाले.