दुसऱ्या नंबरचे काका

जगात पहिला कोण, याच्याशी माझ्या चुलतसासऱ्यांना काडीचंही देणंघेणं नव्हतं. त्यांचा सगळा जीव दुसऱ्या माणसात. क्रिकेटचा सामना लागला की आम्ही फटका बघायचो आणि काका पलीकडच्या टोकाला बॅट टेकून उभा असलेला गडी बघायचे. "पाह्य कसा टपून उभा आहे पळायला! रन ह्याची आहे, नाव त्याचं होते," म्हणून हळहळायचे. गाण्याच्या कार्यक्रमात तंबोऱ्यावर कोण बसलंय याची चौकशी आधी, गवयाची नंतर. लग्नात नवरीपेक्षा करवलीचं कौतुक. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण सुट्टीवर गेली की तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या मुलीकडून काका गरज नसताना जास्तीचे पाव घेऊन यायचे आणि मग आठवडाभर आम्ही तेच भाजून खायचो. स्वतः काकाही इथे जर्मनीत, नेकारसुल्मच्या एका गिअरबॉक्स आणि क्लचच्या कंपनीत वर्षानुवर्षं श्टेलफरट्रेटर होते, म्हणजे साहेबांचे दुसऱ्या नंबरचे. वरची खुर्ची रिकामी झाली की कंपनी दर वेळी त्यांना विचारायची, आणि काका दर वेळी नागपुरी नम्रतेने 'नको बाप्पा'चं शुद्ध जर्मन भाषांतर करून परत आपल्या खोलीत जाऊन बसायचे.

असा माणूस अमेरिकेच्या निवडणुकीच्या नादाला लागणार नाही तर काय होणार? राष्ट्राध्यक्षपदाला कोण उभं राहतंय याकडे ते ढुंकून बघत नसत. पण उमेदवार एकदा नक्की होत आला की त्याच्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून कोणाला उभं करायचं, या विवंचनेत काकांची झोप उडायची. अमेरिकेतल्या कोणीही त्यांना विचारलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. उपाध्यक्षपदाच्या या उमेदवाराला काका मराठीत 'जोडीदार' म्हणायचे. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात जे रामायण घडलं, ते या एका शब्दामुळे.

दर रविवारी काका आमच्याकडे जेवायला. ताट वाढून झालं की वाट्या जेवणासाठी नसून राजकारणासाठी आहेत अशा थाटात ते त्यांची मांडामांड सुरू करायचे. वरणाची वाटी म्हणजे उमेदवार. लोणचं म्हणजे दक्षिणेतला कोणी गव्हर्नर, कारळाची चटणी म्हणजे एक फटकळ सिनेटर बाई, दही म्हणजे ओहायोचा कोणी सभ्य गृहस्थ. "वरणासोबत वरण वाढून कोणी जेवते का, बेटा? पहिल्यात जे नाही ते दुसऱ्यात पाहिजे," असं म्हणत ते एकेक वाटी वरणाजवळ सरकवायचे, मान वाकडी करून बघायचे आणि नापसंतीने मागे घ्यायचे. एकदा माझ्या नवऱ्याने बोलण्याच्या नादात दही भातावर ओतून घेतलं, तर काका कळवळून ओरडले, "अरे, आख्खं ओहायो खाल्लंस की!" लोक उपाध्यक्षाला स्टेपनी समजतात, याचा त्यांना भारी राग. "स्टेपनी नाही, तो कुपलुंग आहे, क्लच! इंजिन कितीही दांडगं असू द्या, क्लचशिवाय गाडी जागची हलत नाही."

हसत होतो आम्ही, पण आम्हाला एक काळजी पोखरत होती. काकी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या डिसेंबरात काका निवृत्त होणार होते. मूलबाळ नाही. नागपूरला आता एका जुन्या मित्राखेरीज कोणी उरलेलं नाही, आणि इथे राहायचं तर त्या मोठ्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं राहायचं. कुठे राहणार, काय करणार, हा विषय काढला की काका अमेरिकेला निघून जायचे. एकदाच, जेवणानंतर माझ्याशेजारी उभं राहून वाट्या पुसताना म्हणाले, "तुझी काकी होती तोवर घरातही मी दुसराच होतो. ती गेली आणि न मागता माझी बढती झाली. मला पहिलं होता येत नाही, बेटा." मी पुढची ओली वाटी त्यांच्या हातात दिली.

परदेशात आपण मराठी माणसं एक मोठी चूक करतो. इथे कोणाला मराठी कळतंय, असं म्हणून ट्रामच्या शांत डब्यात घरच्यासारखं मोठ्यांदा बोलतो. काकाही हाइलब्रॉनहून येताना त्या नागपूरच्या मित्राशी फोनवर बोलत होते, आणि बरोबर त्यांच्या पाठीमागे वानखेडे वहिनी बसल्या होत्या. या वहिनी म्हणजे आमच्या भागातल्या तमाम मराठी मंडळींच्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीपासून बारशापर्यंत सगळ्याचा भार वाहणारी बाई. घरी पोहोचायच्या आत त्यांनी मला फोन केला.

"अगं, काकांनी मनावर घेतलं! जोडीदार शोधतायत! मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाले, जोडीदार म्हणून बाई असली तर उत्तमच. साठीच्या आसपासची. स्वभावाने थंड. मागची लफडी नकोत, चौकशी नीट करायला हवी. आणि अगं, काय म्हणाले माहितीये? एवढं मोठं पांढरं घर, उद्या पहिल्याचं काही बरंवाईट झालं तर सांभाळायला कोणी नको का? मला तर रडूच आलं."

काकांच्या इमारतीला नुकताच पांढरा रंग दिलेला होता. खरं सांगायचं तर मला सगळं कळत होतं आणि तरी मी 'हं' म्हणाले. वहिनींनी मग काकांनाही फोन केला. "कोलोनला आपल्या लेकीकडे एक बाई आल्या आहेत पुण्याहून. तुमच्या त्या जोडीदाराच्या विषयात बोलायला येतायत." काका हरखलेच. एवढ्या वर्षांत या विषयात रस असलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता!

रविवारी बाई आमच्याकडे आल्या. सुती साडी, पायात पळायचे बूट, चेहऱ्यावर शाळेत वर्गात शिरतानाचा भाव. आयुष्यभर पुण्याच्या शाळेत त्यांनी जर्मन शिकवलं होतं. काकांनी वाट्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. चहाचा घोट घेण्याआधीच त्यांनी विचारलं, "तुमच्या मते जोडीदारात पहिला गुण कोणता पाहिजे?"

बाई थोड्या दचकल्या, पण सावरून म्हणाल्या, "समोरच्याचं ऐकून घेता आलं पाहिजे."

"गेनाऊ! अगदी बरोब्बर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "आणि प्रदेश? प्रदेशाला तुम्ही किती महत्त्व देता?"

"या वयात कसला आलाय प्रदेश?"

काकांना हे फारसं पटलं नाही, पण त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. "बरं, सगळ्यात अवघड प्रश्न. उद्या पहिल्याचं काही बरंवाईट झालं, तर दुसऱ्याला सगळं एकट्याने सांभाळता येईल?"

बाईंनी कप खाली ठेवला. "येतं. मी सांभाळलंय."

"अरे वा! कोणत्या राज्यात?"

"महाराष्ट्रात. हे गेले तेव्हा मुलगी दहावीत होती."

माझा नवरा उठून उगाच खिडकी उघडायला गेला. काका आधी बाईंकडे, मग वाट्यांकडे, मग माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे कान लोणच्याच्या तेलासारखे लाल होत गेले. त्यांनी अडखळत अमेरिका, उपाध्यक्ष, वरण, सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांना असं हसू फुटलं की पदराने डोळे पुसावे लागले. "अहो, म्हणजे आपल्याला फेअरकुपेल्ट केलंय! जर्मनमध्ये लग्न जुळवण्याला हाच शब्द आहे. तुमच्या कुपलुंगचाच."

काका एवढी वर्षं क्लच बनवत होते, पण हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते ओशाळून वाट्या गोळा करायला लागले, तेव्हा बाईंनी हात आडवा घातला. "थांबा. चटणी का बाजूला ठेवलीत? माझं मत चटणीला आहे."

"ती फटकळ आहे हो!"

"मग? पहिल्याला तोंडावर 'चुकतंय' म्हणणारं कोणी नको? नुसतं पूरक असून काय उपयोग?"

काका खुर्ची ओढून बसले. संध्याकाळची गाडी निघून गेली, पुढचीही गेली, आणि बाईंना स्टेशनवर सोडून परत आल्यावर काका पहिल्यांदाच कोणत्याही उमेदवाराचं नाव न घेता कोलोनच्या गाड्यांच्या वेळा बघत बसले होते. पुढे अमेरिकेत प्रत्यक्षात जोडीदार जाहीर झाले तेव्हा दोघांचेही अंदाज साफ चुकले, पण तोवर काकांचं कोलोनला जाणं-येणं सुरू झालं होतं. शरद ऋतूत बाईंचा व्हिसा संपला आणि त्या पुण्याला परतल्या. डिसेंबरात काका निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेब बोलत असताना काका घड्याळ बघत होते, कारण पुण्याला फोन करायची वेळ होत आली होती.

वसंतात पुण्यात साधं लग्न झालं. बुद्धवंदना झाली, खीर झाली. वानखेडे वहिनी मुद्दाम विमानाने गेल्या आणि स्टेजवर नवरीच्या मागे अशा उभ्या राहिल्या की काकांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "आजची खरी मानकरी ती मागची!"

त्याआधी कायमचे पुण्याला निघताना काका त्यांच्या घरच्या वाट्या आमच्याकडेच ठेवून गेले. काकांची फार आठवण येते. रविवारी मी अजूनही एक वाटी जास्त घेते आणि मग परत फडताळात ठेवते.

परवा फोन केला, म्हटलं, "काका, कसं चाललंय?"

"मजेत, बेटा. सांगतो तुला..." एवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, "अहो, फोन ठेवा आता, पानं वाढलीयेत. आणि चटणी कुठे ठेवलीत?" काका फोनवर हळूच हसले. त्यांचं असं हसणं मी काकी असतानाच ऐकलं होतं.

"आल्झो, बरं, ठेवतो," ते म्हणाले. "मी परत दुसरा झालो, बेटा."