साळव्यांचा संशय

साळवे आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी दाराची साखळी काढली नव्हती. खांद्याला झोळी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पळी. महापालिकेचं नाव सांगून चोर घरात शिरतात, असं सोसायटीच्या फळ्यावर ठळक लिहिलेलं होतं, आणि मला आठची कंपनीची बस गाठायची होती. "ओळखपत्र?" मी फटीतूनच विचारलं. त्यांनी दाखवलं आणि म्हणाले, "माझं झालं. आता तुमच्या फ्रिजची पाठ दाखवा."

कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत डास शोधायचं काम त्यांच्याकडे होतं आणि गल्लीतल्या एकाही माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. "आमच्याकडे पाणी साठत नाही हो," असं कोणी म्हटलं की यांचे कान टवकारायचे. "असं म्हणणाऱ्याच्याच घरी सापडतं." फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनी प्लँटची बाटली, कुठेही बॅटरी मारायचे. पिंप रिकामं केलंय म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, "ओतलंत. पण घासलंत का?" डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडीच महिनोन्‌महिने बसून राहतात आणि पाणी लागलं की जागी होतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

हवेवरसुद्धा त्यांचा संशय. "धो धो पावसाला मी भीत नाही, मॅडम. तो अळ्या धुऊन नेतो. मी उघडिपीला भितो. दोन दिवस सरी, चार दिवस ऊन, की लागलाच यांचा हंगाम." पूर्वी दिवाळीत स्वेटर निघायचे आणि थंडी पडली की डासांचं काम मंदावायचं, तसं साळव्यांचंही. आता दिवाळी उलटली तरी घरोघर पंखे चालू. "ही थंडी येते-येते म्हणते. हिच्या भरवशावर राहू नका."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. नोटिशीची भीती घालून काहीतरी उकळायचं असणार, अशी माझी खात्रीच होती. एकदा चहा विचारला तर "ड्यूटीवर घेत नाही" म्हणून चालते झाले, तेव्हा तर माझा संशय जास्तच वाढला! आमच्या घरावर मात्र त्यांची नजर जरा अधिक असायची, ती ईशामुळे. माझ्या या लेकीला आदल्या वर्षी डेंगी झाला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा होऊ देऊ नका, दुसऱ्यांदा जड जाऊ शकतं.

त्या वर्षी ईशाने इमारतीच्या मागे दिवाळीचा किल्ला केला. विटा, गोणपाट, लाल माती, वर पेरलेले अळीव, आणि पायथ्याशी टब पुरून केलेलं तळं. दिवाळी संपली म्हणून किल्ला कोण मोडतं? सिंहासनावर महाराज बसलेले, अळीव हिरवेगार, आणि ईशा रोज तळ्यात तांब्याभर पाणी घालायची. साळवे म्हणाले, "किल्ला बघतो." मी उखडलेच. "अहो, पोरांचं कौतुक तरी सोडा! शेजारी तो टॉवर चढतोय, त्याच्या तळघरात गुडघाभर पाणी आहे, तिथे बघा की."

"तिथेही बघतो. पण हा डास लांबून येत नाही, मॅडम. घरभेदी असतो."

"मग पुढच्या आठवड्यात बघा," म्हणून मी दार लावलं.

बरोबर आठवड्याने ते आले आणि काही न विचारता मागे गेले. मी तणतणत खाली उतरले. त्यांनी चपला काढल्या, महाराजांना हात जोडले आणि पळी तळ्यात बुडवली. पळीत अळ्या वळवळत होत्या. साळवे मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या कसल्याशा बारीक टरफलांकडे बघत होते. "कोश रिकामे आहेत," ते हळूच म्हणाले. "काही उडालेत." मग त्यांनी टब उपटला, पाणी मातीत ओतलं आणि बागेतल्या नळाखाली काथ्याने खसाखसा घासला. ईशा रडत वर गेली.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला. डेंगीच. हॉस्पिटलातले ते सहा दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. साळवे रोज यायचे, दारातूनच "प्लेटलेट्स?" एवढं विचारायचे आणि आकडा ऐकून जायचे. अगदी काठावरून परत आली हो माझी पोर. आकडा चढायला लागला त्या दिवशी मला राहवलं नाही. मी बाहेर जाऊन विचारलं, "किल्ल्यातलाच होता ना तो डास? मी तुम्हाला अडवलं नसतं तर..."

साळव्यांनी बॅटरीशी चाळा केला. "छे, छे! त्या टॉवरच्या तळघरातला असणार. वाऱ्यावर येतात हो लांबून." इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तिथेच, व्हरांड्यात, ढसाढसा रडले.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी ते गेले. ईशाला घेऊन मी वारज्याला त्यांच्या घरी भेटायला गेले. फोटोपुढे फुलदाणीत शेवंती होती. माझं कशातच लक्ष लागेना. कोणी बघत नाहीसं पाहून मी फुलदाणीत हळूच बोट घातलं आणि काठ आतून चाचपला. नेमकं त्यांच्या मुलीने पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ती जवळ आली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "घासलीय, मॅडम. नुसती ओतली नाही."