लेकीच्या घरचं पाणी

माझं घर बुरहानपुरात, डायलिसिसच्या मशीनपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत. ज्या बाईला ते मशीन हवं होतं ती, म्हणजे माझी आई, देडतलाईच्याही पलीकडच्या गावात राहायची.

आठवड्यातून दोनदा ती पहाटेच्या बसनं यायची, बहुतेक वेळा उभ्यानं. मशीनवरून उतरली की हातापायातलं त्राणच जायचं. मी म्हणायची, घरी चल, गरम भात खा, मशीनची पुढची पाळी करूनच जा. ती आमच्या दाराबाहेरच्या ओट्यावर टेकायची आणि फडक्यात बांधून आणलेली भाकरी मोडायची. मला मूलबाळ नाही. आणि आमच्याकडे लेकीला मूल झाल्याशिवाय आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत.

"आई, माझे केस पांढरे झाले. आता कशाची वाट बघतेस?"

"तसं नाही बेटा. मी रीत मोडली आन् तुलेच काही झालं तं?"

म्हणजे माझ्याच भल्यासाठी ती जीव द्यायला तयार! संताप संताप व्हायचा. जावयानं हात जोडून पाहिले, ती नुसती हसली.

रीतीच्या माथी खापर फोडून मोकळं होता आलं असतं. पण त्याच बसनं आणखी एक बाई मशीनसाठी यायची. तिला कसलीच रीत आड येत नव्हती, फक्त शहरात तिचं कुणी नव्हतं. बसायला मिळालंच, तर आई तिच्यासाठीही जागा धरायची. पुढे ती बाई यायचीच बंद झाली. का, हे विचारायला कुणी तिच्या गावी गेलं नाही. मीही नाही.

मध्यंतरी शहरात आरोग्यावर मोठी सभा झाली. खुर्च्या भरायला नेहमीप्रमाणे आम्हा शिक्षकांना बोलावलं होतं. सगळ्यांना सारखं आरोग्य, असं मंचावरचे साहेब तळमळीनं सांगत होते. मी उठले आणि विचारलं, खकनारच्या बाजूला, माझ्या आईच्या गावाकडे, एखादं मशीन का नाही बसवत? लोक तिकडचे, मशीन इकडे, हे कसलं सारखं?

"बहुत अच्छा सुझाव है मैडम," साहेब म्हणाले.

टाळ्या पडल्या. मशीन काही आलं नाही.

यंदा पावसात गावाकडचा रस्ता खचला आणि आईची डायलिसिसची एक पाळी चुकली. भावानं कशीबशी तिला जीपमधून आणली तेव्हा तोंड, पाय सुजून टम्म झाले होते. पाळी दुपारनंतर होती. अंगात आधीच पाणी साठलंय, तोवर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी तिला घरी आणलं. ओट्यावर बसण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं. सरळ माझ्या पलंगावर निजवलं.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. माठाकडे बघत म्हणाली, "पानी दे वं बेटा."

माझं लग्न झाल्यापासून हे ऐकायला मी तरसले होते. मी ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसले. तिनं ते फडकंच चोखायला सुरुवात केली, तेव्हा मला ते ओढून घ्यावं लागलं.

"नाही देता येत गं, आई."

तिनं माझा हात धरला. "रागावली का माह्यावर?" म्हणाली. "इतके दिवस तुह्या घरचं पेली नाही म्हनून?"