सातवा कागद

मंगळवार, १२ मार्च. दिवसभर उकाडा. दाताच्या डॉक्टरांकडची वेळ पुढे ढकलली. धाकट्या जावेचा फोन, पाऊण तास; सांगण्यासारखं काही नव्हतं. रविवारच्या निवडणुकीत हृदयवाले एकतीस मतांनी आले. टाचणी सहा वाजता आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली. निवेदनावर अजून सही नाही. मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. टाचणीबद्दल लिहायला बसले तेव्हा वही काढून पाहिली. पुढचे तीन दिवस मी एरवीपेक्षा जास्त लिहिलंय आणि अक्षरही बिघडलंय.

टाचणी म्हणजे आमच्या शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या कार्यालयातली बाई. हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. हे संघटनेचे अध्यक्ष झाले त्याच वर्षी ती नोकरीला लागली. तेव्हा तिशीला टेकलेली, अंगाने सडसडीत, आणि कुणी अर्धवट कागद पुढे केला की टोचणारी. नाव तिच्या कानावर गेलं तेव्हा ती ह्यांना म्हणाली, "स्टेपलरपेक्षा बरं, सर. टाचणी निदान काढता तरी येते." हे गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली. ती मात्र तिथेच, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. सत्तावीस वर्षं. निवृत्तीला चौदा महिने उरलेले.

संघटनेत पाचशेच्या वर डॉक्टर. त्यांना एकमेकांत नावाने कुणी ओळखत नाही; हाडवाले, कानवाले, पोटवाले असंच चालतं. ह्यांना सगळे फुप्फुसवाले म्हणत आणि मी फुप्फुसवाल्या वहिनी. यातला एकही डॉक्टर कार्यालयाचा जिना कधी चढत नाही, वेळच नसतो. म्हणून सह्या घ्यायला टाचणीच हॉस्पिटलांत जाते. फाइल डाव्या हातावर उघडी, सहीच्या पानांना कागदाच्या पट्ट्या लावलेल्या, पेनाचं टोपण काढलेलं. अध्यक्ष राउंड घेत चालतात, नर्सशी बोलतात, आणि बोलता बोलता ती बोट ठेवेल तिथे सही करतात. वर मान करून कागद कुणी बघत नाही. आमच्या ह्यांनीही कधी बघितला नाही.

आता निवेदनाचं सांगते. सरकारच्या आरोग्य खात्याने एक मसुदा काढला होता: लहान गावांतल्या आरोग्य केंद्रांत रात्री आठनंतर डॉक्टर नेमायचा नाही, त्याऐवजी नर्सने शहरातल्या एका नंबरावर फोन करून विचारायचं. हरकती घ्यायला तीस दिवस, मग त्यांवर खात्याच्या समितीपुढे सुनावणी. टाचणीने चार महिने आधीच कुणकुण लागल्यावर त्रेसष्ट केंद्रांतल्या नर्सबाईंना एकेक करून फोन लावले होते, त्यांच्या दुपारच्या डब्याच्या वेळेला. रात्री कोण आलं, किती वाजता, डॉक्टर होते का, पुढे काय झालं. नर्सबाईंनी सांगितलं, पण एका अटीवर: आमचं नाव येता कामा नये. नाव आलं तर बदली ठरलेली. टाचणीने शब्द दिला आणि आकडे लिहून घेतले.

ते निवेदन भाषा तपासायला माझ्याकडे आलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी इतकी शिस्त लावलेली की चुकलेला स्वल्पविराम मला दाताखालच्या खड्यासारखा लागतो. नऊ पानं. मी तेरा चुका काढल्या. चौथ्या पानावर कोष्टक होतं, तिथे मात्र पेन खाली ठेवून नुसतीच बसले.

फेब्रुवारीत कार्यकारिणीने एकमताने ठराव केला, निवेदन पाठवायचं. अध्यक्षांची सही तेवढी राहिली होती. तेव्हाचे अध्यक्ष मुलांचे डॉक्टर, भला माणूस. ते म्हणाले, "टाचणी, हे असंच सही करण्यातलं नाही. मी निवांत वाचतो." सत्तावीस वर्षांत वाचून सही करतो असं कुणी म्हणालं असा हा पहिला कागद, आणि तोच राहिला. आधी गोवराची साथ, मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण, मग निवडणूक. निकाल लागल्या क्षणी सहीचा अधिकार नव्या अध्यक्षांकडे जातो, असं संघटनेच्या घटनेत आहे. रविवारी निकाल लागला. भला माणूस सोमवारी टाचणीला फोन करून दोनदा सॉरी म्हणाला.

नवे अध्यक्ष हृदयवाले. हुशार, रुबाबदार, प्रचारात सगळीकडे एकच वाक्य: सरकारशी भांडून काही मिळत नाही, बसून बोलायला हवं. खात्याच्या सल्लागार मंडळावर त्यांचं नाव जाणार अशीही चर्चा होती.

बुधवारी टाचणीने विचारलं. ते म्हणाले, "बघू." गुरुवारी तिने फोन केला. ते म्हणाले, "तूर्त थांबवा. नवीन आलोय, पहिलंच पत्र भांडणाचं नको."

"तसं लेखी द्याल का, सर?"

"लेखी कशाला? मी सांगतोय ना."

गुरुवारी संध्याकाळी हे सगळं ती माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगत होती. खुर्ची पुढे केली तरी बसेना. मी चहा केला, तो तसाच गार झाला.

"कार्यकारिणीचा ठराव आहे ना? मग एकटा माणूस कसा थांबवेल?"

"ठराव आहे, वहिनी. पण सहीशिवाय खात्यात तो कागद घेत नाहीत. आणि कार्यकारिणी बोलवायची तर सात दिवसांची नोटीस लागते."

"उद्या तू त्यांच्याकडे सह्यांना जाणार आहेस?"

"जाणार. दहा कागद आहेत. सभासदांची प्रमाणपत्रं, सभागृहाचं पत्र, पोटवाल्यांच्या आईच्या शोकसभेचं पत्र."

पुढचं मी बोलले. ती नाही, मी. लपवण्यात अर्थ नाही, वहीत आहेच.

"मग अकरा घेऊन जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, चार-पाच किका मारल्या तरी होईना.

"तुम्ही हे म्हणताय?" ती म्हणाली.

"ठराव झालेला कागद आहे. तू काही खोटं लिहिलेलं नाहीस. त्यांनी वाचायचं की नाही हा त्यांचा प्रश्न. आमच्या ह्यांनी दोन वर्षांत एक ओळ वाचली नाही."

"फुप्फुसवाल्या सरांची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

तिने पर्स उचलली आणि गेली.

शुक्रवारी मी घरी बसू शकले नाही. सल्ला आपला आणि जोखीम दुसऱ्याची, हे काही बरं वाटेना. अडीच वाजता हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले तर टाचणी लिफ्टजवळ उभी, फाइल छातीशी.

"तुम्ही कशाला आलात?"

"रक्तदाब तपासायला."

"मग तो आज तपासू नका," ती म्हणाली. हसली नाही. "सातवा ठेवलाय."

हृदयवाले वॉर्डातून बाहेर आले. मागे दोन शिकाऊ डॉक्टर आणि एक नर्स. टाचणी त्यांच्या डाव्या अंगाला चालू लागली. मी भिंतीलगतच्या बाकावर बसले, तिथून सगळं दिसत होतं. पहिला कागद. दुसरा. ते नर्सला कुठल्याशा गोळीचं सांगत होते, अर्धी द्या, सकाळीच द्या. चौथा. एका शिकाऊ डॉक्टरला रिपोर्ट नीट न वाचल्याबद्दल झापत होते. सहावा. टाचणीने नऊ पानांचा गठ्ठा उलटून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. ते बोट हललं नाही हे मी बघितलं. माझाच हात पर्सचा पट्टा पिळत होता. त्यांनी सही केली. वर बघितलं नाही. आठवा. अकरावा झाल्यावर "झालं?" म्हणाले आणि पुढच्या वॉर्डात शिरले.

दोन वाजून पन्नास मिनिटं. खात्याचं कार्यालय रिक्षाने पंचवीस मिनिटांवर. मी उठून लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. मी आत गेले. ती बाहेरच.

"चल ना."

"वहिनी, ते कागदाकडे बघून सही करत नाहीत."

"तेच तर."

"माझ्याकडे बघून करतात. सगळेच. सत्तावीस वर्षं."

लिफ्टचं दार मिटायला लागलं, मी पाय मध्ये घातला. मला राग आला होता, तो वहीतही आहे. मी दबक्या आवाजात म्हणाले, "आता हे सुचतंय तुला? त्रेसष्ट केंद्रांचं काय?"

"त्यांचंच म्हणतेय. सुनावणीत हृदयवाले सर म्हणाले की मला न दाखवता सही घेतली, तर नऊच्या नऊ पानं रद्दी. मग त्या बायकांनी कशासाठी सांगितलं?"

आणि ती वळली.

मी मागोमाग गेले. हृदयवाले राउंड संपवून केबिनमध्ये हात धूत होते. टाचणीने दार वाजवलं. मी दारातच थांबले. त्यांनी मला ओळखलं, नमस्कारही केला.

"सर, सातव्या कागदावर तुमची सही आहे. ते निवेदन आहे. तुम्ही थांबवा म्हणाला होतात. मी मुद्दाम मध्ये घातलं."

त्यांनी नळ बंद केला. हात पुसायला बराच वेळ घेतला.

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं. म्हणून सांगायला आले."

"कुणी सांगितलं होतं असं करायला?"

मी तोंड उघडलं. टाचणी माझ्याआधी म्हणाली, "कागद माझ्या हातात होता, सर."

त्यांनी हात पुढे केला. तिने निवेदन दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत असं धरलं की आता फाटणार, असं मला वाटलं. टाचणी म्हणाली, "फाडा हवं तर. कालच्या फोनवर मी तुम्हाला हेच म्हणायला हवं होतं, ते राहिलं: आधी चौथं पान वाचा. दोन मिनिटं लागतील. मग फाडा."

"मला तुमच्याकडून शिकायचंय?"

"नाही सर. आकड्यांकडून."

ते खुर्चीत बसले. चष्मा लावला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती, मी दर मिनिटाला बघत होते. एक शिकाऊ डॉक्टर डोकावला, त्याला त्यांनी हातानेच घालवलं. मग बोट कोष्टकावरून खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं.

"छातीत दुखतंय म्हणून आलेले किती?" आवाज वेगळा होता. पेशंटच्या नातेवाइकाला विचारतात तसा.

"एकशे अठरा. चार महिन्यांत, रात्री आठनंतर."

"डॉक्टर होते तिथे?"

"शहात्तर जणांच्या वेळी होते. त्यातले नऊ गेले. बेचाळीस जणांच्या वेळी जागा रिकामी होती. त्यातले एकवीस."

त्यांनी पान उलटलं, परत चौथ्यावर आले. "हे कुणी दिलं? सुनावणीत मला हेच विचारतील. नावं हवीत."

"नावं मिळणार नाहीत, सर."

"नावांशिवाय मी तोंडावर पडेन."

"केंद्रांच्या नोंदवह्या आहेत. समितीने त्या मागवाव्यात, तसं आठव्या पानावर लिहिलंय. नावं मी कुणाला देणार नाही. तुम्हालाही नाही."

तीन अठरा. त्यांनी आठवं पान उघडून पाहिलं. मग पेन काढलं. सहाव्या पानावर खात्याच्या हेतूबद्दल एक कडक परिच्छेद होता, तो त्यांनी आडव्या रेघेने खोडला आणि बाजूला सही केली. पहिल्या पानावरचा "तीव्र निषेध" हे शब्द खोडून "हरकत" लिहिलं. तिथेही सही. मग शेवटच्या पानावरची आधीची सही खोडली आणि तिच्याखाली नवी केली, तारीख आणि वेळ घालून.

"आता ही माझी आहे," ते म्हणाले. "सल्लागार मंडळाचं गेलं, एवढं तुम्हाला माहीत असावं."

"हो, सर."

"आणि सोमवारी मला तुमचा राजीनामा हवा. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. पण सांगितलंत. आता तुमच्या हातातल्या कुठल्याच कागदावर मला डोळे मिटून सही करता येणार नाही, आणि उघडे ठेवून करायला मला वेळ नाही."

टाचणीने मान हलवली, फाइलमध्ये निवेदन ठेवलं आणि म्हणाली, "पोटवाल्यांच्या आईच्या शोकसभेचं पत्र आजच टाकायचंय, सर. मी खात्यात जातेय, ते कानवाल्यांच्या रिसेप्शनवरच्या बाईंकडे देऊ?"

"द्या," ते म्हणाले.

रिक्षात मी एकदा "माझ्यामुळे" असं सुरू केलं, तर म्हणाली, "वहिनी, पुढे सिग्नल आहे, त्याला डावीकडून घ्यायला सांगा." खात्यात रांग होती; आमचा नंबर आला तेव्हा खिडकीवरचा माणूस आवरायला लागला होता. खाडाखोड बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, प्रत्येक खाडाखोडीशेजारची सही तपासली, आणि चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पोच दिली.

पुढचं इथेच सांगून टाकते. मे महिन्यात सुनावणीला हृदयवाले स्वतः गेले आणि एकशे अठरा या आकड्यावर पाऊण तास बोलले, असं मुलांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. समितीने नोंदवह्या मागवल्या. नियम अजून झालेला नाही, रद्दही झालेला नाही. एकाही नर्सबाईची बदली झाली नाही. टाचणीच्या जागी जो मुलगा आला आहे तो कागद ईमेलने पाठवतो, आणि हृदयवाले ते वाचतात की नाही ते मला माहीत नाही. टाचणी सध्या भावाच्या छापखान्यात मुद्रितं तपासते. चौदा महिने राहिले होते, ते राहिलेच. मला तिने कधी दोष दिला नाही. तेवढ्याने मी सुटले असंही नाही.

त्या शुक्रवारी ती माझ्याकडेच जेवली.  नऊ वाजता तिचा भाऊ तिला घ्यायला आला. ती गेल्यावर मी वही उघडली आणि झालं ते क्रमाने लिहिलं, माझं गुरुवारचं बोलणंही. शेवटची ओळ अशी आहे: मोरीचा नळ पुन्हा गळतो आहे, खाली बादली लावली.