साडूंच्या विहिरीचे पाणी

श्रीमत् रंगकुंडाधीश, वस्त्ररंजनधुरंधर, पांढुर्णाभूषण अशा आमच्याकडून चौकातील या फळ्याच्या समस्त वाचकवृंदास आजचा अनुभव सादर.

आमच्या विहिरीचे पाणी जड. त्यात गुलाबी रंग डागाळतो. सौसरचे साडू तोच रंग वापरतात, परंतु त्यांचे पाणी मृदू, म्हणून फेटे एकसारखे खुलतात. हे त्यांचे सौभाग्य आम्हांस कित्येक वर्षे असह्य आहे. उद्या लग्नाचे फेटे न जमल्यास गिऱ्हाईकही त्यांच्याकडेच जाणार. अखेर आज अभिमान गिळून डबाभर पाणी मागितले.

"न्या ना साडभाऊ, पाणीच तर आहे," ते हसले. हे औदार्य अधिकच झोंबले.

डबा बसमध्ये मांडीवर धरून आणला, घरात ठेवला आणि भट्टी पेटवायला गेलो. परततो तो डबा रिकामा!

"आपल्या पाण्यात डाळ शिजून नाही राहिली, म्हणून त्यात शिजवली. उरल्यात केस धुतले," सौभाग्यवती म्हणाल्या. "पाहा, कसे मऊ झाले! ताईचं नशीब आहे बाप्पा."

डाळ, दुर्दैवाने, अप्रतिम होती. आम्ही दोनदा वाढून घेतली.

वाचकहो, आता पुन्हा सौसरला कोणत्या तोंडाने जावे? शिवाय डबा त्यांचा आहे, आणि त्याचे झाकण सापडत नाही.