नीलमचा डबा

अंजनगाव सुर्जीकडच्या आमच्या गावाचं नाक फार उंच. त्या साली कपाशीवर लाल्या रोग पडला, वरच्या आळीतल्या चुलीही थंडावल्या. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच!

अंगणवाडीत खिचडी शिजवायची दुर्गाबाई, बौद्धवाड्यातली. तोंडानं फटकळ. साबणानं हात धुतल्याशिवाय ती एकाही पोराला ताटाला शिवू द्यायची नाही. वरच्या आळीतल्या वामनरावांची चार वर्षांची नात नीलम मात्र घरून डबा आणायची. दुर्गाबाईच्या हातचं खायचं नाही, ही आजोबांची तंबी.

एक दिवस पोरांतल्या प्रीतमनं विचारलंच, "मावशी, नीलम खिचडी काहून नाही खात?"

"तिच्या आबाले माह्या हातचं चालत नाही."

"तुमी हात नाही धुतले?"

"धुतले ना. त्यायले माहं घरच चालत नाही."

"मंग घर धुवा!"

दुर्गाबाई भडकली. "काहून धुवू? माह्या घरात घाण नाही. घाण त्यायच्या डोक्श्यात हाय. ज्याची घाण त्यानं धुवावी!"

एवढ्याशा पोरांना याहून सोपं कोणी सांगून दाखवावं. मला तरी जमणार नाही.

तेवढ्यात तिचं लक्ष नीलमकडे गेलं. पोरगी डबा मांडीवर घेऊन बसली होती, झाकण काही उघडत नव्हती. दुर्गाबाईनं ते उघडलं. आत काहीच नव्हतं. आजोबा नातीला उपाशी ठेवून रिकाम्या डब्यातून आपली इभ्रत पाठवत होते! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

दुर्गाबाईनं ताट पुढे केलं. "खाय."

"आबा मारतीन."

मग तिनं खिचडी त्या डब्यातच ओतली. "आता तुह्या डब्यातली हाय. खाय."

पोरगी तुटून पडली. उरलेली खिचडी डब्यातून घरी गेली. पुढे हे रोजचंच झालं.

गावात बोभाटा झाला, तसे वामनराव चार माणसं घेऊन अंगणवाडीच्या दारात आले. "आमची पोर बाटवून राहिली हे! उद्यापासून इची नोकरी बंद!"

दुर्गाबाईच्या घरात कमावणारी ती एकटीच. तोंड पडलं तिचं, पण पळी हातातून खाली ठेवली नाही.

नीलम मधे आली. "आबा, उरलेली तर रोज तुमीच खाता ना?"

चारही माणसं वामनरावांकडे पाहू लागली. पोरगी पळत हात धुवायच्या रांजणाकडे गेली आणि साबणाची वडी आणून तिनं आजोबांच्या हातावर ठेवली.

"डोक्शं धुवा, आबा."